कम्प्युटरच्या कॅबिनेटमधला कुठला फॅन हवा आत घेणार आणि कुठला बाहेर फेकणार?

कॅबिनेटला फॅन किती लावले यापेक्षा ते कुठल्या बाजूला तोंड करून लावले याने जास्त फरक पडतो, कारण हवेला सरळ रस्ता लागतो, एका बाजूने थंड हवा आत आली पाहिजे, ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसरवरून गेली पाहिजे आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडली पाहिजे. सहा फॅन आहेत पण सगळे आतच ढकलतायत किंवा एकमेकांच्या तोंडावर हवा मारतायत तर नुसता आवाज वाढतो.

आधी फॅन हातात घेऊन बघा. एका बाजूने पाती मोकळी दिसतात, दुसऱ्या बाजूला मोटर धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकच्या दांड्या असतात आणि मध्ये बहुतेक स्टिकर असतो. साध्या फॅनमध्ये हवा मोकळ्या बाजूने ओढली जाते आणि दांड्यांच्या बाजूने बाहेर पडते, म्हणजे पुढचा फॅन लावताना दांड्या कॅबिनेटच्या आत आणि मागचा लावताना दांड्या बाहेर. काही फॅनच्या कडेला दोन बाण कोरलेले असतात, एक पाती कुठे फिरतात त्याचा आणि दुसरा हवा कुठे जाते त्याचा, आपल्याला दुसरा बघायचाय. आता काचेच्या कॅबिनेटसाठी रिव्हर्स पात्यांचे फॅनही मिळतात, त्यात हे सगळं बरोबर उलटं असतं (आरजीबीची, म्हणजे रंगीत लाइटची, चांगली बाजू समोर दिसावी म्हणून), त्यामुळे खात्री नसेल तर फॅन चालू करून समोर टिश्यू पेपरची पट्टी धरा, चिकटली की त्या बाजूने हवा आत, उडाली की बाहेर.

नेहमीची मांडणी सोपी आहे, पुढून आणि खालून आत, मागून आणि वरून बाहेर. पुढे दोन आणि मागे एक एवढ्यात साधारण गेमिंग पीसीचं काम होतं, तीन फॅनचंच बजेट असेल तर डोळे झाकून हेच करा.

वरच्या फॅनचं मात्र नीट समजून घ्या, कारण सगळ्यात जास्त गडबड इथे होते. वर दोन जागा असल्या की लोक दोन्हीकडे बाहेर फेकणारे फॅन लावतात, पण त्यातला जो समोरच्या पॅनलजवळ असतो तो पुढून आलेली ताजी हवा प्रोसेसरच्या कूलरपर्यंत पोचायच्या आधीच वर ओढून बाहेर टाकतो, म्हणजे थंड हवा काही काम न करता गेली. प्रोसेसरवर एअर कूलर (धातूच्या पट्ट्या आणि फॅनवाला) असेल तर वर एकच लावा आणि तोही मागच्या बाजूच्या जागेत. गरम हवा वर जाते हे खरं आहे पण फॅनच्या जोरापुढे तो परिणाम खूप छोटा असतो, तेवढ्यासाठी वरची सगळी जागा भरायची गरज नाही.

टॉवर कूलरचा (प्रोसेसरवर उभा बसणारा एअर कूलर) फॅन रॅमच्या (मेमरीच्या पट्ट्यांच्या) बाजूला आणि हवा मागच्या फॅनकडे, म्हणजे सगळं एका रेषेत येतं. लिक्विड कूलर म्हणजे पंपाने द्रव फिरवून प्रोसेसर थंड करणारा, त्याचा रेडिएटर (तो द्रव थंड करणारा जाळीदार भाग) वर लावला तर बाहेर फेकू द्या, पुढे लावला तर आत घेऊ द्या, पुढे लावल्यावर प्रोसेसर थोडा जास्त थंड राहतो पण ती कोमट झालेली हवा ग्राफिक्स कार्डला मिळते, म्हणून गेम खेळणाऱ्यांना मी वरच लावायला सांगेन. फक्त पंप हा द्रव फिरतो त्या पूर्ण लूपमध्ये सगळ्यात उंच येता कामा नये, नाहीतर आतली हवा पंपात अडकते. दोन-तीन फॅनवाली ग्राफिक्स कार्ड आपली बरीच गरम हवा कॅबिनेटमध्येच सोडतात, त्यामुळे पुढचा एक फॅन खालच्या जागेत, कार्डाच्या लेव्हलला हवाच. एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) खाली बसत असेल आणि तिथे जाळी असेल तर त्याचा फॅन खाली तोंड करून, जाळी नसेल तर वर.

आता धूळ. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्यापेक्षा थोडी जास्त ठेवली की ती फिल्टरमधूनच येते, उलट असेल तर फटीफटीतून धूळ ओढली जाते. रस्त्यालगत घर असेल तर हे पाळाच आणि पुढची जाळी महिन्यातून एकदा झाडा, कारण भरलेल्या फिल्टरमागे फॅन कितीही महाग असला तरी हवा येत नाही.

आणि कम्प्युटर टेबलमधला तो मागून बंद असलेला लाकडी कप्पा! कॅबिनेट त्यात ठेवलं की मागून निघालेली गरम हवा फिरून पुन्हा पुढून आत येते आणि फॅनची दिशा कितीही बरोबर असली तरी उपयोग होत नाही. बाहेर काढा, मागे निदान १० सेंमी मोकळं ठेवा. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात खोलीच ४० अंशांवर असेल तर कुठलाही फॅन त्याच्या खाली नेणार नाही, म्हणून नुसता तापमानाचा आकडा बघून घाबरू नका, खोलीपेक्षा किती जास्त आहे ते बघा.

सगळं झालं की बाजूची काच बसवून (उघड्या कॅबिनेटवरची टेस्ट काही सांगत नाही) एकच गेम अर्धा तास चालवा आणि एचडब्ल्यूइन्फोमध्ये (तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर) प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाचं तापमान लिहून ठेवा. मग एका वेळी एकाच फॅनची दिशा बदला, खोलीचं तापमान तेवढंच असताना परत मोजा. एक-दोन अंशांचाच फरक येत असेल तर जी मांडणी कमी आवाज करते ती ठेवा, आणि सगळं बरोबर असूनही प्रोसेसर तापतच असेल तर कूलर काढून थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि कूलरच्या मधला उष्णता पोचवणारा लेप) बघा.