इक्यू विकत घ्यायचाय? आधी या चुका टाळा

मागच्या नवरात्राच्या तोंडावर सप्तशृंगीच्या गाण्यांचं काम पंचवटीतल्या माझ्या छोट्या खोलीत चालू होतं. भजनी मंडळाचे बुवा शेजारी बसले होते. सेलमध्ये नुकताच घेतलेला इक्यू (इक्वलायझर, आवाजातले खालचे-वरचे पट्टे कमी-जास्त करणारं प्लगइन सॉफ्टवेअर) मी त्यांच्या आवाजावर लावला, मग तो काढून डॉमधला (रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमधला) स्टॉक, म्हणजे सोबतच आलेला, इक्यू लावला आणि विचारलं, "बुवा, कुठला बरा?" त्यांनी दोन्ही वेळा नवाच निवडला. मी खूश. मग सहज मीटरकडे नजर गेली, तर नवा इक्यू आवाज दीडेक डीबी (डेसिबल) वर नेत होता. लेव्हल सारखी केली आणि परत ऐकवलं. बुवा म्हणाले, "अरे, एकच तर वाजवतोयस ना?"

सगळ्यात महागडी चूक हीच. कानाला मोठा आवाज चांगला वाटतो, फरक अर्ध्या डीबीचा असला तरी. जुन्या हार्डवेअरची नक्कल करणारे काही प्लगइन तर सगळी बटणं शून्यावर असतानाही लेव्हल थोडी हलवतात. म्हणून तुलना करताना आउटपुट गेन आधी जुळवायचा. डेमो मिळतो तेव्हा हे पाच मिनिटांचं काम आहे. पैसे गेल्यावर केलं तर नुसता मनस्ताप.

दुसरी चूक म्हणजे 'स्टॉक म्हणजे कच्चा' हे धरून चालणं. साध्या बेल (एका जागेभोवतीचा उंचवटा किंवा खड्डा) किंवा शेल्फ (एका जागेपासून पुढचं सगळं वर-खाली) फिल्टरचं गणित कुणा एका कंपनीच्या तिजोरीतलं नाही. विश्वास बसत नसेल तर नल टेस्ट करा. एकच ट्रॅक दोनदा ठेवा. एकावर स्टॉक इक्यूने ३०० हर्ट्झला ४ डीबी कट, दुसऱ्यावर विकतच्याने तोच कट, आणि एकाची पोलॅरिटी उलटी करा, म्हणजे त्याची लाट वरची खाली होते. दोन्ही एकत्र वाजवल्यावर शांतता आली, तर फरक नाही. यात एक खोच आहे. क्यूचा, म्हणजे पट्टा किती अरुंद याचा, आकडा प्रत्येक इक्यूत एकाच अर्थाने लिहिलेला नसतो. इथला १ आणि तिथला १ वेगळा वक्र काढू शकतात. त्यामुळे उरलेला आवाज ऐकून लगेच 'बघा, कॅरेक्टर!' म्हणू नका. क्यू थोडा मागेपुढे करा, बहुतेक वेळा तो आवाज विरत जातो.

खरा फरक वरच्या टोकाला सापडतो. ४४.१ किलोहर्ट्झ सॅम्पल रेटच्या (सेकंदाला ४४,१०० नमुने) प्रोजेक्टमध्ये सगळं त्याच्या निम्म्यावर, २२.०५ किलोहर्ट्झला संपतं. साध्या डिजिटल इक्यूचा बेल तिथवर शून्यावर यायला बघतो, म्हणून १२-१५ किलोहर्ट्झचा बूस्ट आक्रसतो आणि टाळांची चकाकी किंचित टोकदार लागते. फॅबफिल्टर प्रो-क्यूसारखे इक्यू हे सांभाळून घेतात. पण एबलटनच्या इक्यू एटमध्येही ओव्हरसॅम्पलिंगचा (आतल्या आत सॅम्पल रेट वाढवण्याचा) पर्याय आहे, आणि तो चालू न करताच लोक खरेदीला निघतात. प्रोजेक्ट ९६ किलोहर्ट्झचा असेल तर हा प्रश्न जवळजवळ उरतच नाही.

बँड (वेगवेगळे हलवता येणारे पट्टे) किती, यावरून निवडू नका. फ्रूटी पॅरामेट्रिक इक्यू २ मध्ये सात आहेत, लॉजिकच्या चॅनल इक्यूत आठ, रीपरच्या रीइक्यूत हवे तितके. एका आवाजावर सातही कमी पडत असतील तर आधी माइक कुठे ठेवला होता ते आठवा. तसंच ५० हर्ट्झच्या गुणगुणीचं. १००, १५०ला कट मारत बसण्यापेक्षा केबल आणि अर्थिंग बघा, कारण पेटीचे खालचे स्वर तिथेच राहतात.

मग पैसे कधी टाकायचे? माझ्या मते डायनॅमिक इक्यूसाठी. भजनात बुवांच्या माइकमध्ये शेजारच्याचे टाळ शिरतातच. ठोका पडला की ४ किलोहर्ट्झच्या आसपास कान किटतात. तिथे साधा कट ठेवला तर शब्दच बोथट होतात, 'माउली'तला मऊपणा राहतो पण अक्षरं उमटत नाहीत. डायनॅमिक बँड फक्त ठोक्यापुरता खाली येतो. मी थ्रेशोल्ड (ज्या पातळीवर बँड हलायला लागतो ती) असा लावतो की नुसतं गाणं चालू असताना बँड हलतच नाही, आणि टाळ पडला की ३-४ डीबी दबतो. यासाठीही आधी टीडीआर नोव्हा वापरून बघा, ती फुकट आहे. क्युबेस प्रो ११ पासून तर फ्रिक्वेन्सी इक्यूतच ही सोय आलेली आहे.

लिनिअर फेज (सगळ्या फ्रिक्वेन्सींना सारखाच उशीर देणारा इक्यू) मात्र 'महाग म्हणजे शुद्ध' म्हणून सगळीकडे लावू नका. नाशिक ढोलावर मी तो एकदा लावला, तर टिपरूच्या घावाआधीच एक बारीकशी सावली ऐकू यायला लागली. त्याला प्री-रिंगिंग म्हणतात, आणि खालच्या पट्टीत तीव्र उताराचा कट असेल तर ती जास्त जाणवते. शिवाय लेटन्सी (आवाज उशिरा पोचणं) इतकी की गायकाला हेडफोनमध्ये त्यातून ऐकवणं अशक्य. ढोलाला साधा मिनिमम फेजच ठेवा. आणि किक ड्रमचा प्रीसेट तर नकोच. थापीची बाजू आणि टिपरूची बाजू ही दोन वेगळी वाद्यं समजून दोन माइकवर दोन इक्यू लावा.

आता शेवटची, माझ्या अंगाशी आलेली. त्याच नवरात्राचं मिक्स घेऊन मी कॉलेज रोडवरच्या एका स्टुडिओत गेलो. प्रोजेक्ट उघडला तर 'प्लगइन सापडत नाही', आणि बुवांचा आवाज उघडाबोडका. दुसऱ्या दिवशी घटस्थापना. आयलॉकची (प्लगइनचा परवाना असलेली यूएसबी) किल्ली घरी, रात्रीचे साडेअकरा. शेवटी तिथल्याच स्टॉक इक्यूवर सगळं कानाने परत उभं केलं, चाळीस मिनिटं लागली, आणि गाणं तसंच गेलं. आता बाहेर जाण्याआधी प्रत्येक ट्रॅकची एक कोरी आणि एक इक्यूसकट बाउन्स केलेली (ऑडिओ फाइल म्हणून काढलेली) प्रत मी सोबत नेतो.