गोठ्याचा स्टुडिओ करताय? या चुका टाळा

कोकणात बऱ्याच घरांमागे आता एक रिकामा गोठा असतो. गुरं विकली, मुलं मुंबई-पुण्याला गेली, गवत भरायला कोणी उरलं नाही. जांभ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, उंच आढं, घरापासून चार पावलं लांब. चित्र काढायला, माती मळायला, रियाज करायला यापेक्षा चांगली जागा शोधून मिळणार नाही. मी कुडाळ भागात मातीकाम करते आणि अशा जुन्या वास्तूंची डागडुजीही करून देते. दर दिवाळीनंतर कोणीतरी मला आपला गोठा दाखवायला नेतं. तेव्हा भिंती खडखडीत कोरड्या असतात, ऊन तिरपं येत असतं आणि "मार्चपर्यंत तयार हवा" असं ठरलेलं असतं. पुढच्या गणपतीत त्याच भिंतीचे फोटो मला येतात: पांढरी बुरशीसारखी पूड, फुगलेला रंग, खाली पडलेले पोपडे. दर वर्षी, वेगवेगळ्या गावांतून, तेच फोटो.

म्हणून सगळ्यात मोठ्या चुकीपासून सुरुवात करते.

गोठ्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा आणि प्लॅस्टिक पेंट

गोठा म्हणजे घराची एक जादा खोली नव्हे. तिथे दोन-तीन पिढ्यांची गुरं बांधलेली होती आणि त्यांचं मूत जमिनीत मुरलेलं आहे. मुतातल्या युरियाचा अमोनिया होतो आणि मातीतले जीवाणू त्याचं नायट्रेट बनवतात. हाच तो सोरा. बिहारमधले नोनिया लोक अशीच गुराढोरांच्या जागेजवळची माती धुऊन सोरा काढायचे आणि ईस्ट इंडिया कंपनी तो तोफांच्या दारूसाठी जहाजं भरून न्यायची. तुमच्या गोठ्याच्या जमिनीत आणि भिंतीच्या खालच्या तीन फुटांत तेच क्षार बसलेले आहेत.

जांभा सच्छिद्र दगड. जमिनीतलं पाणी तो वर ओढतो, पाण्याबरोबर क्षार येतात, पाणी पृष्ठभागावर वाळतं आणि क्षाराचे स्फटिक तिथेच राहतात. ते दगडाच्या छिद्रांत वाढतात आणि वरचा थर आतून ढकलून फोडतात. याला आपल्याकडे लोणा लागणं म्हणतात. शिवाय नायट्रेट हवेतलाही ओलावा शोषतं. त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये जमिनीतून थेंबभर पाणी आलं नाही तरी भिंत ओली दिसते. उघड्या चिऱ्यावर, म्हणजे जांभ्याच्या नुसत्या दगडावर, हे सगळं चालून जातं, कारण भिंत वाळत राहते. त्यावर सिमेंट, पुट्टी आणि प्लॅस्टिक पेंट चढवला की वाळायची वाट बंद होते.

सावंतवाडीजवळच्या एका गावात पुण्याच्या एका चित्रकारांनी आजोबांचा गोठा स्टुडिओसाठी घेतला. ठेकेदाराने गव्हाण तोडली, जुन्या जमिनीवरच दोन इंच काँक्रीट ओतून वर चकचकीत टाइल्स बसवल्या, भिंतींना आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा केला आणि पांढराशुभ्र रंग दिला. फेब्रुवारीत जागा खरोखर सुंदर दिसत होती. जुलैत गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत लोणा आला. ठेकेदाराने पोपडे खरवडले, भिंत पाण्याने धुतली आणि वॉटरप्रूफिंगचे दोन हात मारले. दुसऱ्या पावसाळ्यात ओल खिडकीच्या तळापर्यंत चढली. खालून वाट अडवली, तर ती वर वाट काढणारच. टाइल्समुळे तर दुप्पट नुकसान झालं, कारण आधी जो ओलावा अख्ख्या जमिनीतून उडून जायचा, तोही आता भिंतीकडे वळला. भिंतीला टेकवून ठेवलेली कागदावरची कामं, त्यांच्या कित्येक वर्षांची जलरंगातली चित्रं, खालून तपकिरी डागांनी भरली. ते डाग निघत नाहीत. ती चित्रं मी हातात घेऊन पाहिली आहेत आणि त्या दिवसापासून या विषयावर मी कोणाशीही गुळमुळीत बोलत नाही.

मी गावातल्या एका म्हाताऱ्या गवंड्यांना बरोबर नेलं होतं. त्यांनी भिंतीवर तळहात ठेवला आणि मालकांना एवढंच विचारलं, "भिंतीक घाम येता, तो खंय जातलो?"

मग जे केलं ते असं. ओलीच्या रेषेच्या वर आणखी एक फुटापर्यंत सगळा गिलावा काढला. टाइल्स आणि काँक्रीट उखडून जमीन दीड फूट खणली. भिंतीलगत मात्र उथळच खणलं, कारण जुन्या गोठ्यांचा पाया फार खोल नसतो आणि तो उघडा पाडणं धोक्याचं असतं. निघालेली माती माडांच्या मुळाशी टाकली. झाडांना नायट्रेट हवंच असतं. मग दगडाचं सोलिंग, खडी, २५० मायक्रॉनचा प्लॅस्टिकचा कागद आणि त्यावर कोबा. भिंतीच्या कडेने नऊ इंचांची पट्टी मी कोब्याविना ठेवते आणि तिथे नुसती खडी भरते, म्हणजे जमिनीतली वाफ तिथून निघते. भिंतीच्या खालच्या तीन फुटांना चुना आणि वाळूचा गिलावा केला, एकास तीन. हा गिलावा टिकण्यासाठी नसतो. क्षार त्याने स्वतःत ओढून घ्यायचे, दोन-तीन पावसाळ्यांनी तो खरवडून टाकायचा आणि नवा करायचा. लोणा दिसला तर कोरड्या ब्रशने झाडून सुपलीत गोळा करायचा. पाण्याने कधीही धुवायचा नाही. धुतलं की क्षार विरघळून पुन्हा आत जातात.

चुन्याचं नाव काढलं की लोक तोंड वाकडं करतात. वेळ लागतो, गवंडी मिळत नाही, हात भाजतो. वेळ लागतोच. चुना निदान महिनाभर भिजवावा लागतो आणि गिलावा आठवडाभर ओला ठेवावा लागतो. ज्यांना ही सवड नाही त्यांनी भिंत उघडी ठेवावी. उघडा चिरा देखणा असतो, आणि चुकीचा गिलावा काढायला नवा करण्यापेक्षा जास्त पैसे जातात. एक मात्र सांभाळा: खाडीची वाळू स्वस्तात येते म्हणून घेऊ नका. तिच्यात मीठ असतं. एक क्षार काढायचा आणि दुसरा भरायचा, याला काही अर्थ नाही.

बाहेरून भिंत न बघणं

आतल्या रंगाच्या छटा महिनाभर निवडणारी माणसं गोठ्याला एकदाही मागून फेरी मारत नाहीत. मागे बहुतेक वेळा गायरी, म्हणजे शेणाचा उकिरडा, असते, भिंतीला अगदी चिकटून. वर्षानुवर्षं शेण आणि पाचोळा साचून बाहेरची जमीन आतल्या जमिनीपेक्षा वर आलेली असते. ती आधी खाली उतरवा, उतार बाहेरच्या बाजूला द्या, पागोळ्यांचं पाणी पडतं तिथे चर काढा. फावड्याचं दोन दिवसांचं काम आहे.

पावसाळा न बघता आराखडा काढणं

रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. जागा कोरडी असताना केलेला आराखडा म्हणजे अंदाज. माझा शिरस्ता असा की कौलं शाकारून घ्यायची, गोठा रिकामा करायचा आणि एक पावसाळा तसाच ठेवायचा. पाणी कुठून शिरतं, झड कोणत्या बाजूने येते, कोणती भिंत शेवटी वाळते, हे खडूने भिंतीवरच लिहून ठेवायचं. त्याच काळात एक टेबल नि खुर्ची टाकून तिथे काम करून बघा. एवढी वाट पाहवत नसेल, तर निदान एक करा: दोन फूट चौरस प्लॅस्टिक चारही कडांनी चिकटपट्टी लावून जमिनीवर आणि भिंतीवर रात्रभर ठेवा. सकाळी मागच्या बाजूला पाणी जमलेलं दिसलं, तर ओल आतून येते आहे.

उत्तरेचा उजेड, पण युरोपातला

सरळ ऊन टाळायला चित्रकारांना उत्तरेची खिडकी हवी असते. बरोबर आहे, पण हा नियम ज्या देशांतून आला तिथे भर दुपारचा सूर्य कायम दक्षिणेकडे झुकलेला असतो. सिंधुदुर्ग साधारण १६ अंश उत्तरेला. मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत इथे भर दुपारचा सूर्यही डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, आणि मार्चच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत तो उगवतो-मावळतो पूर्व-पश्चिमेच्या उत्तरेला. जून-जुलैत ढग असतात म्हणून कळत नाही. मे महिन्यात मात्र सकाळ-संध्याकाळ सरळ ऊन कॅनव्हासवर येतं आणि लोक मला फोन करून विचारतात की होकायंत्र चुकलं का. छपराचं उत्तरेकडचं पाखं दोन-अडीच फूट पुढे काढा, आणि मेपुरती बाहेरून माडाची विणलेली झापं बांधा. आतून पडदा लावला की उजेडही जातो आणि उष्णता आतच राहते.

वरून उजेड घ्यायचा तर काचेची कौलं. मंगलोरी कौलाच्याच मापात मिळतात, कोणताही कौलं चढवणारा ती बसवतो. उत्तरेच्या पाख्यावर विखरून आठ-दहा लावा. पश्चिमेच्या पाख्याला फायबरचा पारदर्शक पत्रा मारणाऱ्यांना मी दर वेळी नको म्हणते. दुपारी तीनला त्या जागेत उभं राहवत नाही, आणि काही वर्षांत तो पत्रा पिवळा पडून सगळ्या रंगांवर पिवळी झाक येते.

रंगांचंच बोलायचं तर आणखी एक गोष्ट कोणी लक्षात घेत नाही. उघड्या चिऱ्याची तांबडी भिंत उजेडाला तांबूस करते आणि खिडकीबाहेरचा आंबा-फणस त्याला हिरवा करतो. व्यक्तिचित्रं करणाऱ्यांचे त्वचेचे रंग इथेच बिघडतात. ईझलसमोरची आणि बाजूची भिंत वरच्या भागात चुन्याने पांढरी करा. रात्रीसाठी दिवे ५००० केल्विनचे आणि सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचं माप) ९० च्या वरचे घ्या. खोक्यावर लिहिलेलं असतं.

मोठ्या खिडकीसाठी भिंत फोडणं

चिऱ्याची जुनी भिंत बऱ्याचदा नुसत्या मातीत रचलेली असते आणि वाशांचा भार तिच्यावरच असतो. आधी वाशांना टेकू, मग वर लिंटल (खिडकीवरची आडवी तुळई), आणि त्यानंतरच खाली भोक. उलट्या क्रमाने काम करणारा कामगार दिसला, तर त्याच क्षणी काम थांबवा आणि सगळ्यांना बाहेर काढा.

कौलं काढून पत्रा

गायकांनो, वादकांनो, हे तुमच्यासाठी. पत्र्याखाली चार महिने रेकॉर्डिंग होणार नाही, बोलणंसुद्धा ऐकू येणार नाही. कौलांची कटकट असते, माकडं ती फोडतात, दर वर्षी मेमध्ये ती परतावी लागतात. तरीही कौलंच ठेवा.

गोठ्यावर जुने सिमेंटचे पत्रे असतील तर त्यांना ग्राइंडर किंवा ड्रिल लावू नका. त्यांत ॲस्बेस्टॉस असतं आणि त्याची धूळ फुफ्फुसात कायमची बसते. पत्रे पाण्याने भिजवा, मास्क लावा आणि अख्खेच्या अख्खे उतरवा.

थोडक्यात सांगण्यासारख्या गोष्टी

गोठा साफ करताना अनवाणी उतरू नका. उंदरांच्या आणि गुरांच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) होतो आणि सिंधुदुर्गाला तो चांगलाच माहीत आहे. गमबूट, हातमोजे, आणि पायावर जखम असेल तर ते काम दुसऱ्याला द्या.

जुन्या गवताच्या गंजीत उंदीर, उंदरांमागे साप. दाराखालची फट बंद करा, मोरीच्या तोंडाला जाळी मारा.

लाकडी फळ्या भिंतीला टेकवू नका. चार बोटं जागा सोडली की वाळवीची मातीची नळी वेळीच दिसते.

फॉल्स सीलिंग करू नका. आढ्याची उंची हीच या जागेची श्रीमंती आहे, आणि वरच्या पोकळीत काय राहायला येतं ते तुम्हाला दिसणार नाही.

मातीकाम करणाऱ्यांनी सुकी झाडू वापरू नये. मातीच्या धुळीत सिलिका असते. ओल्या फडक्यानेच पुसा. आणि मातीचं किंवा प्लॅस्टरचं पाणी थेट मोरीत सोडू नका. मी एकापुढे एक तीन बादल्या ठेवते, गाळ खाली बसला की वरचं पाणी झाडांना घालते.

वीज: इथे घाई करणाऱ्याशी मी वाद घालते

शेतीपंपाच्या जोडणीवरून वायर ओढून स्टुडिओ चालवू नका. वीज कायदा, २००३ च्या कलम १२६ खाली तो अनधिकृत वापर ठरतो आणि दंडाचं बिल येतं. ग्रामपंचायतीच्या नमुना आठच्या उताऱ्यावर गोठ्याची नोंद आहे का ते आधी बघा, मग रीतसर जोडणी मागा.

अर्थिंगकडे तर कोणी बघतच नाही. जांभ्याचा कातळ वीज नीट वाहून नेत नाही, आणि उन्हाळ्यात तो वाळला की अर्थिंग नावापुरतंच राहतं. खड्डा खोल हवा, कोळसा-मीठ भरलेला हवा, आणि फेब्रुवारीपासून त्यात आठवड्याला बादलीभर पाणी जायला हवं. सोबत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच, बसवाच. चाकावर बसलेल्या माणसाचे हात ओले असतात, पाय ओल्या कोब्यावर असतात आणि मोटर वीतभर अंतरावर असते. भट्टी घ्यायची असेल तर ती विकत घेण्याआधी तिचा भार कागदावर लिहून वायरमनला दाखवा. भट्टी दारात आल्यावर तिला थ्री फेज लागतं असं कळलेली माणसं मला दर वर्षी भेटतात.

आणि कपाटातला बल्ब. कागद, ब्रश, कॅमेऱ्याच्या लेन्स यांना बुरशी लागू नये म्हणून कपाटात बल्ब लावून ठेवायची आपली जुनी पद्धत चांगली आहे, पण तो बल्ब तारेचा, १५ वॅटचा, गरम होणारा हवा. आता लोक त्याजागी एलईडी लावतात. तो ऊब देत नाही आणि बुरशी येतेच. तारेचा बल्ब मिळाला नाही तर हवाबंद डबे घ्या आणि त्यांत सिलिका जेल ठेवा. दाण्यांचा रंग बदलला की ते मंद आचेवर तव्यात परतून पुन्हा भरा. श्रावणात मी दर रविवारी परतते.