किनाऱ्याचं पाणी बिघडलंय? कारण शोधताना या चुका टाळा

मासे मरून काठाला लागले की संशय आधी जहाजांवर जातो. पहिली चूक इथेच होते. समुद्रात मिसळणाऱ्या घाणीपैकी जवळपास ८० टक्के जमिनीवरून येते, असं साधारणपणे मानलं जातं. तेव्हा समुद्राकडे पाठ करा आणि नाल्याच्या उगमाकडे चालायला लागा.

नमुना घेण्याची वेळ चुकली तर बाकीची सगळी मेहनत वाया जाते. कोरड्या दिवशी दुपारी भरतीच्या पाण्यात बाटली बुडवली, तर अहवाल हमखास चांगला येईल आणि तो फसवा असेल. रस्त्यावरचं तेल, टायरची झीज, जनावरांची विष्ठा हे सगळं पावसाच्या पहिल्या लोंढ्याबरोबर येतं. मैला आणि पावसाचं पाणी एकाच गटारातून वाहत असेल, तर जोराच्या पावसात जादा पाणी प्रक्रिया न होताच बाहेर सोडलं जातं. म्हणून पाऊस चालू असताना आणि नंतर दोन-तीन दिवस नमुने घ्या. तेही ओहोटीला, नाल्याच्या मुखाशी. विरघळलेला प्राणवायू मात्र पहाटे आणि तळाशी मोजा. दिवसा शेवाळ प्राणवायू सोडतं, त्यामुळे दुपारी वरवरचं पाणी निरोगी भासतं. लिटरमागे २ मिलिग्रॅमच्या खाली आकडा गेला की माशांना तिथे तग धरणं अवघड होतं.

पाणी नितळ दिसतं म्हणून निर्धास्त राहू नका. सेप्टिक टँकमधून झिरपलेलं नायट्रेट भूजलातून थेट किनाऱ्यावर पोचतं. त्याला ना रंग, ना वास. मैल्याचा माग काढायला खाऱ्या पाण्यात ई. कोलायपेक्षा एन्टरोकोकाय (दोन्ही आतड्यांत राहणारे जिवाणू) जास्त भरवशाचे, कारण ते तिथे जास्त काळ टिकतात.

दूरच्या शेतातलं खत इथवर कसं पोचेल, असं वाटणं स्वाभाविक आहे. पण मिसिसिपी नदीनं शेकडो मैलांवरच्या शेतांतून आणलेल्या नत्रावर शेवाळ माजलं, ते कुजताना प्राणवायू खपला आणि २०१७ मध्ये मेक्सिकोच्या आखातात २२,००० चौरस किलोमीटरहून मोठ्या पट्ट्यात प्राणवायू फारच कमी उरला. उलट १९९० नंतर काळ्या समुद्राभोवतीच्या देशांत खतांचा वापर घटला आणि त्याचा वायव्येकडचा उथळ भाग सावरू लागला. मला यातून फार धीर येतो.

‘एवढ्या समुद्रात सगळं विरून जाईल’ हा समज सर्वांत घातक. जपानच्या मिनामाता उपसागरात कारखान्याच्या सांडपाण्यातला पारा विरला नाही. तो शिंपल्यांत आणि माशांत साठत गेला, माणसांच्या मज्जासंस्थेपर्यंत पोचला. हा आजार १९५६ मध्ये अधिकृतपणे नोंदला गेला, तरी सांडपाणी १९६८ पर्यंत वाहतच राहिलं.

सुरुवात कुठून करायची कळत नसेल, तर कोरड्या दिवसांत पावसाळी गटारांची तोंडं पाहत फिरा. पाऊस नसताना एखादं वाहत असेल, तर त्यात कुणाचा तरी मैला जोडलेला असण्याची शक्यता मोठी. मग एकेक चेंबर उघडत वर जा. ज्या दोन चेंबरांच्या मध्ये पाणी स्वच्छाचं घाण होतं, तिथेच ती जोडणी असते.