स्कायरिममध्ये सगळं थोडं थोडं येणारं पात्र कसं उभं करायचं

स्कायरिम या व्हिडिओ गेममध्ये (२०११) तलवार, जादू आणि लपूनछपून मारा हे तिन्ही एकाच पात्राकडून करून घेता येतं, आणि माझ्या मते खेळाची खरी मजा त्यातच आहे. अडचण पर्क्सची, म्हणजे कौशल्याला धार देणाऱ्या खास क्षमतांची. लेव्हलमागे पर्क एकच मिळतो. तो दहा ठिकाणी वाटलात तर एकही कौशल्य धड कामाचं राहत नाही. त्यात तुमची लेव्हल वाढते तसे बरेचसे शत्रूही तगडे होतात. लोहारकाम आणि घासाघीस करून वर गेलात, पण मारामारीत कच्चेच राहिलात, तर पुढच्या गुहेत हाल ठरलेले.

म्हणून सुरुवातीला तीनच कौशल्यं पक्की करा: एकहाती शस्त्र, स्नीक (लपूनछपून वावरणं) आणि इल्यूजन (शत्रूंच्या मनावर चालणारी जादू). इल्यूजन ५० झालं की 'क्वाएट कास्टिंग' घ्या. या एका पर्कने सगळ्याच प्रकारच्या जादूचा आवाज बंद होतो. अंधारात दबा धरून बसायचं, दोघांना आपसात भिडवायचं आणि उरलेल्याच्या पाठीत वार करायचा. लपून केलेला एकहाती वार पर्क नसतानाही तिप्पट लागतो.

चिलखत हलकंच बरं. लेव्हल वाढताना सगळे गुण मॅजिकात (जादूच्या ताकदीत) ओतू नका, निम्मे तरी हेल्थला द्या. मार्कार्थ शहराच्या पूर्वेला 'लव्हर स्टोन' हा वरदान देणारा दगड आहे, तो लवकर गाठा: सगळी कौशल्यं १५ टक्के वेगाने वाढतात. मंत्र आणि शस्त्रं फेव्हरिट्समध्ये टाकून आकड्यांच्या बटणांवर लावून ठेवा, म्हणजे ऐन लढाईत मेन्यू उघडावा लागत नाही.