क्राफ्टच्या दुकानात केक डेकोरेशन शिकवताय? मग या चुका टाळा (बडोदेकरांसाठी खास)

क्राफ्टच्या दुकानात टेबल मांडून केक डेकोरेशन शिकवणं आणि घरी ऑर्डरचे केक करणं यात खूप फरक आहे, आणि ज्यांचा हात फार छान आहे त्याच बायका इथे जास्त अडकतात असं मी पाहिलंय. घरी केक तुम्ही करता. इथे केक समोरच्या काकू करणार असतात, त्यांनी आयुष्यात पायपिंग बॅग (क्रीम दाबून फुलं काढायची पिशवी) धरलेली नसते, आणि संध्याकाळी घरी नवऱ्याला नि सासूबाईंना दाखवायचा असतो तो त्यांचा केक, तुमचा नाही. खालच्या बऱ्याच चुका एवढं विसरल्यामुळेच होतात. उरलेल्या होतात आपल्या बडोद्याच्या हवेमुळे.

डेमो संपतच नाही

दोन तासांचा क्लास, त्यातला सव्वा तास टीचरच करतेय आणि बाकी सगळ्या मोबाईलवर व्हिडिओ काढतायत. टीचरचा केक एक नंबर होतो, सगळ्या वा वा करतात, आणि मग उरलेल्या वेळात घाईघाईत प्रत्येकीचं गुलाब म्हणून जे काय होतं ते कोबीसारखं दिसतं. असं करू नका. पाच-सात मिनिटं दाखवा, लगेच त्यांना करू द्या, मग पुढचं दाखवा. आणि दाखवताना समोर उभं राहू नका, त्यांच्या बाजूला जा, नाहीतर त्यांना सगळं उलटं दिसतं आणि टर्नटेबल कुठल्या बाजूला फिरवायचं तिथेच गोंधळ होतो.

कुणी डावखुरी आहे का हे सुरुवातीलाच विचारून घ्या, ती बिचारी स्वतःहून सांगत नाही. फुलाचा खिळा (ज्याच्या सपाट डोक्यावर फूल काढतात तो) उजव्या हाताने पायपिंग करणारी घड्याळाच्या उलट दिशेने फिरवते, डावखुरीने घड्याळाच्या दिशेने फिरवायचा, एवढं सांगितलं तरी तिचा अर्धा त्रास जातो.

अजून एक, चुकलेलं फूल नीट करायला तिच्या हातातून बॅग घेऊ नका. मोह होतो, मान्य आहे. पण तुम्ही नीट करून दिलेल्या फुलातून ती काहीच शिकत नाही. त्यापेक्षा डेमोत मुद्दाम एक पाकळी फाडून दाखवा आणि ती सावरायची कशी ते दाखवा, कारण घरी गेल्यावर तिला तेच लागणार आहे. एका टीचरमागे सहा ते आठ जणी पुरे. मालक म्हणेल बारा घ्या ना बेन, टेबल मोठं आहे. टेबल मोठं असेल हो, पण बारा जणींच्या हातांकडे बघायला डोळे दोनच आहेत!

पहिल्या दिवशी थेट केक देऊ नका. डालडा नि आयसिंग शुगर फेटून प्रॅक्टिस आयसिंग करा, थर्माकोलची डमी द्या, उलटी ताटली दिली तरी चालते. खरवडून परत बॅगेत भरता येतं, वाया जाईल म्हणून कुणी घाबरत नाही, आणि क्रीमसारखं पटकन ढिलंही पडत नाही. फक्त ते खायचं नसतं हे सांगून ठेवा, एखादीच्या पिंटूने बोट घालून चाटलेलं असतं.

क्रीम बसत नाही, क्रीम फाटतं, क्रीम वाहतं

यावर जरा सविस्तर लिहिते, कारण क्लासमधली निम्मी रडारड याच्यावरच असते आणि दोष मात्र स्वतःच्या हाताला देतात.

आपल्याकडे क्लासला बहुतेक नॉन-डेअरी (दुधाऐवजी वनस्पती तेलाचं) व्हिपिंग क्रीम वापरतात. ते डीप फ्रीझरमध्ये उणे 18 डिग्रीला राहतं, आणि आदल्या दिवशीच खालच्या फ्रीजमध्ये काढून ठेवावं लागतं, किलोचा पॅक नीट सुटायला जवळजवळ अख्खा दिवस लागतो. दुकानातला मुलगा काय करतो, सकाळी पॅक काढून काउंटरवर ठेवतो, म्हणजे बाहेरून गरम आणि आत बर्फाचा गोळा, आणि मग तुम्ही बीटर कितीही फिरवा ते नीट फुगत नाही. हे त्याच्यावर सोडू नका, आदल्या संध्याकाळी स्वतः फोन करून विचारा. भांडं नि बीटरची पाती पण फ्रीजमध्ये टाकायची. मे महिन्यात बडोद्याचा पारा चाळिशीच्या वर असतो, तेव्हा एसी बायका आल्यावर नाही, त्याच्या तासभर आधी लावायचा, आणि एसीची हवा थेट केकवर येणार नाही असं टेबल ठेवायचं, नाहीतर वरची क्रीम सुकून तिला भेगा पडतात. पश्चिमेच्या काचेजवळचं टेबल दुपारच्या बॅचला घेऊच नका, मालकाला ते शोसाठी कितीही हवं असलं तरी.

आता काय झालं की काय करायचं. क्रीम पातळच राहतंय म्हणजे ते गरम झालंय, फेटत बसू नका, भांडं बर्फावर ठेवा, थंड झाल्यावर परत फेटा. क्रीम दाणेदार, रवाळ दिसतंय म्हणजे जास्त फेटलं गेलंय, त्यात दोन-तीन चमचे न फेटलेलं थंड क्रीम घालून स्पॅच्युलाने हलक्या हाताने मिसळा, बऱ्याचदा वाचतं. क्रीम लावल्यावर बारीक बारीक भोकं दिसतात ती शेवटपर्यंत फुल स्पीडवर फेटल्यामुळे, शेवटचं मिनिटभर एकदम स्लो करायचं. आणि केकवर पसरायला क्रीम जरा मऊ लागतं, फुलांना जरा घट्ट, तेव्हा सगळं एकदम घट्ट फेटून ठेवलं की बाजू गुळगुळीत होतच नाही आणि बायका स्क्रेपर घासून घासून खालचा स्पंज वर आणतात. एगलेस स्पंज मुळात भुसभुशीत असतो, त्यामुळे आधी पातळ थर लावून पंधरा-वीस मिनिटं फ्रीजमध्ये, मग वरचा थर, ही पायरी गाळायचीच नाही, वेळ कमी असला तरी नाही.

लाइट गेली तर इन्व्हर्टरवर पंखे चालतात, एसी नाही. थर्माकोलच्या पेटीत बर्फाचे पॅक भरून टेबलाखाली ठेवलेले बरे.

आणि हे जाताना नक्की सांगा: अमूलचं फ्रेश क्रीम फेटून फुलं होत नाहीत. त्यात फॅट 25 टक्के असतं, घट्ट उभं राहायला त्याहून जास्त लागतं. नाही सांगितलं तर दुसऱ्या दिवशी तुम्हाला फोन येणारच, मॅम मी दोन डबे फेटले पण काहीच झालं नाही.

बॅग, नोझल आणि ते गुलाब

बॅग काठोकाठ भरायची हौस सगळ्यांना असते. अर्ध्याहून कमी भरा. जास्त भरली की मागून क्रीम कोपरापर्यंत येतं, आणि तळहाताच्या उबेने आतलं ढिलं होतं ते वेगळंच. ढिलं पडलं तर बॅग फ्रीझरमध्ये टाकू नका, कडेचं गोठतं आणि मधलं तसंच राहतं. भांड्यात काढा, थंड करा, परत भरा. दाब वरच्या हाताचा, खालचा हात फक्त दिशा दाखवायला. आमच्याकडे अर्धी बॅच गुजराती असते, त्यांना 'हाथ ढीलो राखो' हे इतक्या वेळा सांगावं लागतं की शेवटी मराठी बायका पण तेच म्हणायला लागतात.

गुलाबाला 104 नंबरचं नोझल (बॅगेच्या टोकाला लावायची चोच), रुंद बाजू खाली आणि बारीक बाजू वर. दहातल्या आठ कोबीगुलाबांचं कारण एवढंच असतं की नोझल उलटं धरलंय. पाकळीची कड फाटतेय म्हणजे क्रीम फार घट्ट झालंय किंवा दाब कमी पडतोय, आणि पाकळ्या खाली लोळतायत म्हणजे क्रीम मऊ आहे. रशियन नोझल (एका दाबात अख्खं फूल काढणारं) पहिल्या क्लासला काढूच नका, त्याला क्रीम अगदी बरोबर घट्ट लागतं आणि ते नसलं की फुलाऐवजी नुसता ढीग पडतो. मालकाला अर्थातच 48 नोझलचा सेट खपवायचा असतो. तुम्ही सरळ सांगा की चांदणीचं 1एम, गुलाबाचं 104 आणि पानांचं 352 घ्या, बाकी नंतर बघू. त्या तीन नोझल घेऊन गेलेली बाई पुढच्या महिन्यात परत येते, सेट घेऊन गेलेली येत नाही, हे मालकाच्या गळी उतरवायला वेळ लागतो खरा.

रंग आणि चमकी, इथे जरा सीरियस व्हा

लाल नि काळा करायला रंग ओतत राहिलं की क्रीम कडू होतं आणि ढिलंही पडतं. काळ्यासाठी आधी कोको घालून तपकिरी करा, मग काळा जेल रंग, खूप कमी लागतो. लालला गडद गुलाबीवर थांबा आणि झाकून फ्रीजमध्ये ठेवा, काही तासांत रंग चढतो. जांभळ्या केकचा रंग उन्हाजवळ निळसर पडतो कारण त्यातला गुलाबी आधी उडतो, तेव्हा शोकेसमध्ये लाइटखाली ठेवायला जांभळा करू नका.

दुकानात एकाच रॅकवर रेझिनची चमकी, रांगोळीची चमकी आणि केकची लस्टर डस्ट (खायची चमकदार पूड) शेजारी शेजारी असतात, डब्या तर अगदी सारख्या! डबीवर नॉन-टॉक्सिक लिहिलेलं असणं म्हणजे खायची असणं नव्हे. खायच्या वस्तूवर घटकांची यादी, व्हेज-नॉनव्हेजची खूण आणि एफएसएसएआयचा (अन्न परवान्याचा) नंबर असतो, तो नसेल तर केकला लावू नका, वर खोचायच्या टॉपरला लावा. ही उगाच भीती नाही, 2018 साली अमेरिकेत ऱ्होड आयलंडला वाढदिवसाच्या केकवरच्या रोझ गोल्ड डस्टमुळे सहा मुलांना उलट्या झाल्या होत्या, आणि त्या डस्टमध्ये तांबं निघालं होतं. मालकाला सांगून केकचं रॅक वेगळं करून घ्या. ताज्या फुलांचंही तेच, कण्हेर दिसायला कितीही गोड असली तरी विषारी आहे, केकच्या जवळ पण नको.

सोनेरी रंगवायला बाहेरच्या व्हिडिओत डस्ट व्होडकात कालवतात. आपण गुजरातमध्ये राहतो! पाण्यात कालवली तर ओघळ येतात नि साखर विरघळते, म्हणून चॉकलेटवर कोरड्या ब्रशने लावा किंवा कोको बटरमध्ये कालवा.

'मॅम, यात अंडं नाही ना?'

हा प्रश्न येणार, आणि 'नाही' म्हणण्याआधी लेबल वाचलेलं असू द्या. मेरिंग पावडर अंड्याच्या पांढऱ्यापासूनच होते, म्हणजे ती घालून केलेलं नेहमीचं रॉयल आयसिंग एगलेस नसतं. फॉन्डंट (केकवर चढवायचा साखरेचा मळलेला गोळा), गम पेस्ट, मार्शमेलो, मिरर ग्लेझ यात जिलेटिन असू शकतं. काही लाल रंगांत कार्माइन असतं, ते किड्यांपासून येतं, लेबलवर 120 असं लिहिलेलं असतं. बॅचमध्ये जैन बेन असतील तर हे त्यांना क्लासच्या आधी सांगायचं, अर्धा केक झाल्यावर नाही.

पावसाळ्यात फॉन्डंट

साखर हवेतलं पाणी ओढते, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये फॉन्डंट घामेजतो, चिकटतो, बाहुलीची मान वाकडी होते. मान सरळ ठेवायची तर सीएमसी (फॉन्डंट कडक करणारी पावडर) मिसळा आणि दोन दिवस आधी करून सुकवा. चिकटतोय म्हणून कॉर्नफ्लोअर थापत राहिलात तर भेगा पडतात, मग हाताला थोडा डालडा लावून मळा. पण खरी मोठी चूक म्हणजे व्हिप क्रीमच्या थरावर फॉन्डंट चढवणं, खालच्या ओलाव्याने तो आतून विरघळत जातो. खाली गनाश हवा. एरवी डार्क चॉकलेट दोन भाग नि क्रीम एक भाग, उन्हाळ्यात चॉकलेट तीन भागांपर्यंत न्या. व्हाइटला एरवीच तीन लागतं.

तारखा आणि मालक

नवरात्रात संध्याकाळची बॅच ठेवू नका, कुणी येणार नाही, सगळं बडोदं गरब्याला. 14-15 जानेवारीला लोक गच्चीवर पतंग उडवत असतात. दिवाळीनंतर लाभ पाचमीपर्यंत दुकानंच बंद असतात. उलट गणपतीच्या आधीचा आठवडा सोन्यासारखा, दांडिया बाजार नि रावपुऱ्याकडच्या मराठी घरांतून चॉकलेट मोदकांच्या बॅचला विचारणा येते, साचे आधीच मागवून ठेवायला सांगा. पैशाचं सगळं लिहून घ्या: सामान कुणाचं, बॅच भरली नाही तर तुम्हाला काय मिळणार, शेवटच्या क्षणी नाव काढलं तर पैसे परत कोण देणार. व्हॉट्सॲपवर लिहिलं तरी चालेल, पण लिहाच.

आणि ॲक्टिवा

क्लास छान झाला, फोटो झाले, आणि काकू केक घेऊन ॲक्टिवावर मांजलपूरला निघाल्या. केकपेक्षा दोन इंच मोठा बोर्ड, खाली क्रीमचा ठिपका लावून केक चिकटवलेला, बोर्डाखाली बॉक्समध्ये रबरी जाळीचा तुकडा, आणि निघायच्या आधी अर्धा तास फ्रीजमध्ये. बॉक्स हँडलला लटकवायचा नाही, पायांमध्ये सपाट ठेवायचा. क्लासला अर्ध्या किलोपेक्षा मोठा केक देऊच नका. घरी पोचल्यावर क्रीमचा केक सरळ फ्रीजमध्ये; फॉन्डंटचा असेल तर एसीच्या खोलीत बॉक्समध्येच राहू द्यायचा, आणि फ्रीजमध्ये ठेवावाच लागला तर बाहेर काढल्यावर बॉक्स लगेच उघडायचा नाही, आत केक खोलीइतका झाला की मग. हे कागदावर छापून बॉक्सवर चिकटवा, तोंडी सांगितलेलं कालाघोड्याचा सिग्नल यायच्या आधीच विसरलेलं असतं.