सोसायटीतल्या झाडाला कीड लागलीय? पेस्ट कंट्रोलवाल्याला फोन करायच्या आधी हे बघा

आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या ग्रुपवर दर पावसाळ्यात एक फोटो ठरलेला असतो, सप्तपर्णीच्या पानावर हिरवे टपोरे फोड आणि खाली प्रश्न, "झाडाला कॅन्सर झालाय का, कोणाला बोलवू का?" नका बोलवू. ते फोड म्हणजे एका बारक्या किड्याच्या पिल्लांची घरं, किडा पानावर अंडं घालतो, पिल्लू रस प्यायला लागलं की पान त्याच्याभोवती फुगतं आणि त्याला आत कोंडून ठेवतं. उंबराच्या पानावरचे फोडही साधारण याच जातीच्या किड्याचे. करंजाच्या पानावरचे बारीक बारीक फोड मात्र डोळ्यांना न दिसणाऱ्या कोळ्यांचे. तिन्ही झाडं हे वर्षानुवर्षं सोसतायत, खराब पानं टाकतात, नवीन काढतात, संपला विषय.

म्हणून पहिलं काम एकच, नुकसान पानावर आहे की खोडावर ते बघायचं. पानं गेली तर झाडाचा खर्च होतो, खोड गेलं तर भांडवलच जातं. शेताच्या बांधावर साग असेल तर बघितलं असेल, पावसाळ्याच्या सुरवातीला अळ्या पानांची अक्षरशः जाळी करून टाकतात आणि महिनाभरात तोच साग परत हिरवागार. कारण खोडात आणि मुळांत साखर साठवलेली असते, त्यावर नवी पालवी निघते. पण हेच सलग दोन-तीन वेळा झालं, त्यात पाणी नाही, मुळांवर काँक्रीट, तर साठा संपतो आणि मग कुठलाही फालतू किडा त्याला संपवू शकतो.

झाड पळू शकत नाही, पण ते गप्प बसलेलंही नसतं. साल म्हणजे पहिली भिंत. आंब्याच्या खोडातून डिंक येतो, वड-पिंपळ-चाफ्यातून चीक येतो, किडा पोखरायला लागला की हे बाहेर ढकललं जातं, किडा चिकटतो, गुदमरतो. कडुनिंबात अझाडिरॅक्टिन नावाचं रसायन असतं, त्यामुळे अळीला नीट कात टाकता येत नाही आणि खाणंही नको होतं. काही झाडं तर पान कुरतडलं की हवेत वास सोडतात आणि त्या वासावर अळ्यांचे शत्रू, म्हणजे बारक्या गांधीलमाश्या येतात. पण डिंक काय, चीक काय, सगळ्याला पाणी लागतं. तहानलेल्या झाडाचा डिंक जोरात येतच नाही आणि खोडकिड्याला हेच हवं असतं.

मग पुण्यात काय करायचं? मार्च ते मे पाणी. रोज बादलीभर नको, आठ-दहा दिवसांनी भरपूर, आणि बुंध्याला चिकटून नको, फांद्यांची सावली जिथे संपते तिथे गोल आळं करून, कारण पाणी पिणारी मुळं तिकडे असतात. खाली पडलेला पालापाचोळा तिथेच पसरा, जाळू नका प्लीज. आणि पेव्हर ब्लॉक बसवणारा आला की त्याच्या डोक्यावर उभे राहा. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचं १ मीटरच्या आतलं काँक्रीट काढायला सांगितलं होतं, तेवढी माती तरी मोकळी राहू द्या. आमच्याकडे एका ठेकेदाराने बुंध्यापर्यंत ब्लॉक लावून वर "झाड सुंदर दिसतं" म्हणून गेरू-चुना पण मारला होता, गेरूचं काही वाटलं नाही, ब्लॉक काढायला मात्र तीन मीटिंग लागल्या.

आता खोडकिडा, ज्याला आपल्याकडे भिरूड म्हणतात. आंब्याला, फणसाला, अंजिराला हमखास. बुंध्याशी लाकडाचा भुसा पडलेला दिसला, सालीवर भोक आणि त्यातून काळपट चिकट पाणी, की समजायचं. मोठे लांब मिशांचे भुंगेरे सालीच्या फटीत अंडी घालतात आणि अळी कित्येक महिने आत बोगदा करत बसते, बोटाएवढी जाड होते. वरून फवारा मारून तिला काही होत नाही, ती आत खुशाल असते. भोकाचं तोंड सुरीने साफ करा, सायकलच्या स्पोकसारखी कडक तार आत घाला, लागेल तिथपर्यंत, आणि फिरवा. अळी टोचली गेली तर तारेला ओलसर लागतं, घाण वाटतं पण खात्री होते. मग पेट्रोलमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा आत सरकवा आणि ओल्या मातीने भोक गच्च बुजवा. हातमोजे घाला आणि आसपास कोणी सिगारेट ओढत असेल तर त्याला आधी हाकला.

किडी-बुरशीला दुसरा दरवाजा आपणच उघडतो, फांद्या तोडून. अमेरिकेच्या वनखात्यात ॲलेक्स शायगो म्हणून माणूस होता, त्याने हजारो झाडं चेनसॉने उभी चिरून बघितली आणि १९७० च्या दशकात मांडलं की झाड जखम आपल्यासारखी भरून काढत नाही, ते तिला कोंडून टाकतं. वर-खाली जाणाऱ्या नळ्या बुजवतं, आजूबाजूला भिंती घालतं आणि सगळ्यात मजबूत भिंत जुनं लाकूड आणि जखमेनंतर वाढलेलं नवं लाकूड यांच्या मध्ये. म्हणून आतून ढोली झालेला वडही बाहेरून ठणठणीत उभा असतो.

याचा उपयोग असा, की फांदी कापताना तिच्या बुडाशी जो फुगीर कडा असतो तो कापायचा नाही, झाडाच्या भिंती तिथूनच सुरू होतात. खोडाला सपाट घासून कापलं तर तो जातो, लांब खुंटी ठेवली तर ती सडत आत शिरते. मोठी फांदी तीन कापात काढा, आधी थोडं लांब खालून अर्धवट, मग त्याच्या जरा पुढे वरून, वजन गेलं की उरलेली खुंटी कड्याच्या बाहेरून. नाहीतर फांदी पडताना खोडाची साल हातभर सोलत नेते. भर पावसात कापू नका, तेव्हा हवेत बुरशीचे बीजाणू भरपूर असतात. आणि हो, शहरात १९७५ चा झाडांचा कायदा आहे, आपल्याच आवारातलं झाड तोडायचं असेल तरी महापालिकेची परवानगी लागते, फांद्यांनाही आधी विचारूनच हात लावा.

कापल्यावर जखमेला बोर्डो पेस्ट, म्हणजे बुरशीनाशक लेप, लावतात, १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम चुना, १ लिटर पाणी. दोन्ही अर्ध्या-अर्ध्या पाण्यात वेगवेगळं भिजवून मग एकत्र करायचं, प्लास्टिकच्या बादलीत, लोखंडी नको. स्वच्छ लोखंडी सुरी बुडवून बघा, तांबूस झाली तर चुना कमी पडलाय. माझं मत विचाराल तर काप चुकला असेल तर पेस्ट काही वाचवत नाही. ऑइल पेंट तर मुळीच नको.

जास्वंदी-पपईवर पांढरा कापूस दिसतो तो मिलीबग, पिठ्या ढेकूण. इथे मुंग्या बघा, त्या त्याचा गोड स्राव पितात आणि बदल्यात त्याची राखण करतात. खोडाला चिकट पट्टी गुंडाळून मुंग्यांची वाट बंद करा, पाण्याचा जोरदार फवारा मारा, मग संध्याकाळी १ लिटर पाण्यात ५ मिली निमतेल आणि दोन थेंब लिक्विड सोप. पण त्यात लांब पांढऱ्या झुबक्यांचं, भराभर चालणारं काही दिसलं तर मारू नका, ते बहुतेक ढालकिड्याचं, म्हणजे लेडीबगचं, पिल्लू असतं, मिलीबगच खातं, दिसतं मात्र अगदी त्याच्यासारखं. मी पहिल्या वर्षी सगळी धुवून टाकली होती.

परदेशातून आलेली कीड जास्त मारते कारण झाडाची तिच्याशी ओळखच नसते. १९०४ मध्ये न्यूयॉर्कला चेस्टनट नावाच्या झाडांवर एक बुरशी सापडली, पुढच्या पन्नासेक वर्षांत अमेरिकेतली अब्जावधी झाडं गेली, चीनचा चेस्टनट मात्र तीच बुरशी सोसतो, पिढ्यानपिढ्यांची सवय. आपल्याकडे पपईचा मिलीबग २००८ मध्ये कोइमतूरला दिसला, मूळचा मेक्सिकोकडचा. औषधांनी आटपेना, शेवटी २०१० मध्ये पोर्तो रिकोहून त्याच्यावर जगणारी बारकी गांधीलमाशी आणून सोडली तेव्हा आवरला. म्हणून दुसऱ्या शहरातून रोप आणलं की पंधरा दिवस वेगळं ठेवा, पानांच्या खालून बघा. आणि सगळा रस्ता एकाच जातीच्या झाडांचा करू नका, गुलमोहरामागून गुलमोहर लावले की एकाला लागलेलं सगळ्यांना लागतं.

कडुनिंबाचे शेंडे पावसाळ्यानंतर तपकिरी होऊन वाळले तर फोमॉप्सिस बुरशी असू शकते. घाईने तोडू नका, चैत्राची पालवी येते का बघा. पण बुंध्याशी फळीसारखी कडक अळंबी उगवली असेल तर थांबू नका, मुळं सडतायत, जूनच्या वादळात झाड गाडीवर येईल. उद्यान विभागाला लेखी कळवा आणि पोच घ्या.

आणि भिरुडाचं भोक बुजवलं की त्याच्याभोवती पांढऱ्या मार्करने गोल करून तारीख लिहा. दोन आठवड्यांनी गोलाच्या खाली ताजा भुसा दिसला तर परत तार घाला.