बोक्याचं रात्रीचं ओरडणं असं थांबलं

आमचा बोका १० महिन्यांचा झाला आणि रात्री २ वाजता दाराशी बसून घसा ताणून ओरडू लागला. कोथरूडच्या आमच्या गल्लीत मांजरी माजावर आल्या की जास्तच. पडद्यांवर लघवीचे फवारेही मारायचा. फिनाईल वापरणार होते, पण ते मांजरांना विषारी, म्हणून पडदेच धुवायला काढले. ओरडला की मी उठून खाऊ द्यायचे. तीच चूक, त्याला सवय लागली.

शेवटी नसबंदी करून घेतली, संध्याकाळी घरी आला. आवाज मात्र लगेच थांबत नाही, हार्मोन उतरायला काही आठवडे लागतात. तोवर रोज झोपण्याआधी १५ मिनिटं दोरीमागे पळवायचे, मग पोटभर जेवण. पाचव्या आठवड्यात तो पहिल्यांदा पहाटेपर्यंत माझ्या पायाशी झोपला.